तिसऱ्या टेबलाजवळची कुंडी

मंगळवारी आणि शुक्रवारी मी चकाल्याला असतो,
सहावा मजला, विम्याची कंपनी, एकूण एकतीस कुंड्या.
झाडं भाड्याची. मेली तर आमच्या नर्सरीच्या खात्यावर,
जगली तर त्यांच्या ऑफिसची शोभा.
पिशवीत कात्री, स्पिरिट, कापूस,
बायकोच्या जुन्या सुती साडीचा तुकडा
आणि एक भिंग, ज्याची दांडी सायकलच्या ट्यूबने बांधलीय.

आधी खालची पानं बघायची.
दुखणं खालून वर चढतं, कधी वरून खाली उतरतं,
कुठून निघालं ते कळलं की अर्धं काम झालं.
खालचं पान पिवळं, देठ मऊ, म्हणजे पाणी जास्त.
कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर लोह कमी.
टोकं कागद जळावा तशी झाली असतील
तर टँकरचं पाणी, नाहीतर एसीचा झोत.
आणि सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसले
तर प्रिंटरमधला एक कोरा कागद मागायचा,
पान त्यावर झटकायचं
आणि थांबायचं.
धूळ असेल तर पडून राहते.
कोळी असेल तर चालू लागतो.

एवढं येतं मला.
तरी तिसऱ्या टेबलाजवळचं अ‍ॅग्लोनेमा कळेना.
लाल कडांचं, महागातलं, रोज थोडं खचत गेलेलं.
पाणी मोजून घातलं, कुंडी दोन फूट सरकवली,
कडुनिंबाचं तेल साबणाच्या थेंबात फेटून पान पान पुसलं.
साहेब म्हणाले, बदलून टाका ना.
बदलणं सोपं, टेम्पो येतोच.
पण वर्षभरात त्या जागेवरचं हे तिसरं झाड,
आणि तीन झाडांना एकच रोग होतो
तेव्हा रोग झाडात नसतो.

मातीत बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत. चिकट.
वास घेतला.
आंबूस, आणि त्याच्या मागे वेलची.
कुंडीच्या काठावरून मुंग्यांची ओळ
लग्नघरी निघाल्यासारखी आत चालली होती.

तिसऱ्या टेबलावर कारखानीस मॅडम.
मार्चमध्ये निवृत्त व्हायच्या.
ड्रॉवर अर्धा उघडा, आत लॅबचं पाकीट,
पाकिटावर गोळ्यांची पट्टी.
मी भिंग खिशात ठेवलं.

पॅन्ट्री रूपेश घाग सांभाळतो. बावीस वर्षं
त्यांना दीड चमचा जास्तीचा घालून देतो,
कप ठेवतो आणि पहिला घोट होईतो उभा राहतो.
पहिला घोट त्याच्यासमोर.
बाकीचा मला मातीत सापडला.

झाड उपसलं. मुळं तपकिरी, चिमटीत साल निघून येणारी.
सडकी कापली, उरली ती धुतली,
कोकोपीट, वाळू, मूठभर कोळसा, लहान कुंडी.
आठ पानांतली पाच काढून टाकली.
मॅडम खुर्ची फिरवून बघत होत्या.
"वाचेल?"
"वाचेल. पथ्य पाळलं तर."
त्या एकदम कीबोर्डकडे वळल्या.

पॅन्ट्रीत हात धुताना रूपेशला म्हटलं,
तीन नंबरच्या झाडाला साखर झालीय.
झाडाला? म्हणाला.
झाडाला, म्हटलं.
तो हसला, मग हसायचा थांबला.
चमचा डब्यात तसाच उभा.

शुक्रवारी मी खिडकीतल्या मनीप्लांटच्या सांध्यांतला
पिठ्या ढेकूण कापसाने टिपत होतो.
चहा आला. कप ठेवून रूपेश या वेळी थांबला नाही.
मॅडमनी घोट घेतला,
कपात पाहिलं, पॅन्ट्रीच्या दाराकडे पाहिलं.
"आज बिघडलाय रे चहा," मोठ्याने म्हणाल्या
आणि कडेला चिकटलेली साय तेवढी सोडून
सगळा प्यायल्या.

कुंडीत अजून काही विशेष नाही. तीन पानं
आणि मधोमध एक सुरळी, हिरवी की पिवळी
ते उलगडल्याशिवाय सांगता येत नाही.
वहीत लिहिलं: तीन नंबर, लक्ष ठेवणे.
पाणी नको.